संत्र्याच्या सालीचं भांडण

विहीणबाई, तो केक रेड व्हेल्वेट नव्हता.

हे तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं. आता माहीत असणारी मी एकटीच उरले, म्हणून लिहूनच टाकते. आपल्या नातवाचा पहिला वाढदिवस होता. तुम्ही सगळे अकोल्याहून अमरावतीला आमच्याकडे येणार होतात. तुम्ही अंडं खात नाही, म्हणून केक बिनअंड्याचा. आता अंडं नाही म्हणजे केक पांढराफटक दिसणार, आणि पांढराफटक केक पाहून तुमच्याकडची शिकलीसवरली माणसं म्हणणार, यांना काही येत नाही. या धास्तीनं तेव्हाच्या माझ्यातल्या अतिशहाण्या बाईनं काय करावं? केकच्या पिठात हळद घातली. चिमूटभर नाही, वरणात घालतो तशी चमच्यानं. वरून केक फुगावा म्हणून खायचा सोडा, तोही मोकळ्या हातानं. ओव्हनचं दार उघडलं तर आत भट्टीतून नुकती काढावी तशी वीट! लाल म्हणजे अशी लाल की वर अक्षता टाकल्या असत्या तर कोणी पूजाच केली असती.

पाहुणे दारात चपला काढत होते. माझी वर्षा, म्हणजे तुमची सून, घाबरून म्हणाली, "आई, हे काय करून ठेवलं?"

मी पदर खोचला आणि तोंड वर करून सांगितलं, "रेड व्हेल्वेट आहे. तुले नाही समजत."

सगळ्यांनी एकेक घास खाऊन बशा हळूच टेबलाखाली सरकवल्या. जावईबापूंनी तर आपला तुकडा कुंडीत पुरला, मी खिडकीतून पाहिलं. तुम्ही मात्र अख्खा तुकडा संपवलात. बशीला चिकटलेला चुराही बोटानं टिपून खाल्लात. मग हात धुवायला आत आलात आणि नळ सोडून, त्याच्या आवाजाआड मला म्हणालात, "हळदीत सोडा पडला की ती लाल होते, विहीणबाई. मी आठवीला शिकवायचे."

"मंग सगळ्याईसमोर काहून नाही सांगतलं?"

"वाढदिवस नातवाचा होता. तुमची परीक्षा नव्हती."

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईला मी हळद-सोड्यावर फसवायला निघाले होते! त्या दिवशी लाज वाटली का, म्हणाल तर नाही. मला दुसरंच काही वाटून राहिलं होतं, ते तुम्हाला कधी बोलले नाही. तुम्ही माझ्या हातचं पोटभर खाल्लेलं ते पहिलं अन्न होतं.

वर्षाचं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा भातकुलीला, आमच्या तेव्हाच्या घरी आलात. आमचं शेतीवाडीचं घर. तुमचं अकोल्यातलं, वकील-मास्तरांचं. पोरांनी आपसात जमवलेलं, म्हणून दोन्हीकडे तोंडं थोडी गोरीमोरी. मी पहाटेपासून खपून पुरणाच्या पोळ्या, कढी, भजे केले होते. तुम्ही पाटावर न बसताच म्हणालात, "माझा आज उपास आहे." एक केळं तेवढं खाल्लंत, तेही स्वतः सोलून. तुम्ही गेल्यावर मी पंचांग काढलं. बुधवार होता. ना चतुर्थी, ना एकादशी. तेव्हाची मी अशी फणफणले की आमच्या ह्यांना म्हटलं, "इच्याशी मी जन्मात बोलणार नाही." किती मोठ्या तोंडाची बाई होते मी! जन्म एवढा लांब असतो हे तिला कुठं ठाऊक.

तो उपास खरा होता का, हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही. आता विचारायचंही नाही. लाल विटेचा तुकडा तुम्ही संपवलात, तिथंच माझ्याकडून ती गोष्ट मिटली. तुमच्याकडून कधी मिटली ते तुमचं तुम्हाला माहीत.

मुळात मला या भट्टीच्या नादी लावलं तुम्हीच. आमचे हे गेले त्या वर्षी मी नुसती बसून असायचे. सकाळचा चहा पिला की खिडकीत. दुपारी टीव्ही, पण आवाज बंद. वर्षा फोनवर रडायची, मी हूं हूं करायचे. मग एक दिवस जावईबापू गाडीत घालून तो ओव्हन घेऊन आले. तुम्हाला निवृत्तीच्या वेळी शाळेतल्या बाकीच्या बाईंनी मिळून दिलेला, खोकं न उघडलेला. तुमचा निरोप होता: "माझ्या ओट्यावर जागा नाही. तुमच्याकडे पडून राहू द्या."

आमच्याकडे ब्रेड म्हणजे दवाखान्यातल्या माणसाचं खाणं. कोणी पिशवीत ब्रेड घेऊन निघालं की लोक विचारायचे, कोण भरती आहे? दिवाळीत नानकटाई करायची तर रवा, मैदा, तूप डब्यात भरून बेकरीवर न्यायचं, रांगेत उभं राहून भाजून आणायचं. ती भट्टी आता माझ्या घरात, वायर लावलेली! आठवडाभर मी त्याच्यावर कपडा झाकून ठेवला. मग एका दुपारी कपडा काढला. ते तसंच असतं, विहीणबाई. एकदा बटण फिरवून आतला दिवा लागला की माणूस वाकून पाहतोच.

पुढं कधीतरी अकोल्याला आले तेव्हा तुमचा ओटा पाहिला. दोन ओव्हन मांडून मधे पोळपाट राहिला असता. तुम्ही माझी नजर कुठं गेली ते पाहून पटकन म्हणालात, "चहात आलं घालू का?"

त्यानंतर आपले फोन सुरू झाले. आधी वर्षाच्या फोनवरून, मग थेट. पहिला थेट फोन तर मीच केला होता, तो आठवला की अजून हसू येतं. मे महिना होता, अमरावतीचं ऊन तुम्हाला सांगायला नको. मी मोबाइलवर पाहून पावाचं पीठ भिजवलं. त्यातली बाई सांगत होती, ऊबदार जागी झाकून ठेवा. आता मे महिन्यात आमच्या घरात ऊबदार नसलेली जागा कोणती? तरी मी शहाणी, वरून गोधडी घातली आणि मालिका पाहत बसले. येऊन पाहते तर झाकण वर उचललेलं, पीठ परातीतून ओट्यावर, ओट्यावरून खाली निघालेलं.

"विहीणबाई, ते बाहेर येऊन राह्यलं!"

"कोण?"

"पीठ!"

तुम्ही शाळेतल्या आवाजात म्हणालात, "घाबरू नका. ठोसा मारा आणि आत घ्या."

मला वाटलं थट्टा करून राहिल्या. खरंच मारायचा असतो म्हणे, हवा काढायला. मी असा ठोसा हाणला की परात वाजली. शेजारची सून पळत आली, काय पडलं म्हणून.

मग तुम्हालाही राहवेना. मी भट्टी घेतली तशी तुम्ही बरणी घेतली. तुम्ही म्हणायचात, भाजणं मला जमत नाही, टिकवणं जमतं. आवळा, कैरी, लिंबू, तुम्ही काही सोडलं नाही. बरण्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, उन्हात उलट्या ठेवायच्या, ओला चमचा जवळ आणला तर वर्षाला सुद्धा डोळे दाखवायचे. मी इकडून संत्र्यांचं खोकं पाठवलं आणि तुम्ही त्याचं मार्मालेड, म्हणजे पावाला लावायचा सालीसकटचा मुरंबा, केलं. पाव माझा आणि त्याच्यावर लावायचं तुमचं, असं पहिल्या हिवाळ्यात किती छान चाललं होतं! मग मलाच खाज सुटली. म्हटलं, संत्री आमच्या जिल्ह्याची, मग मार्मालेड अकोल्याचं काहून? मी पण केलं. आणि आपलं भांडण लागलं.

साल ठेवायची यावर दोघींचं एकमत. भांडण होतं तिच्या कडूपणाचं. मी साल उकळायचे, पाणी फेकायचे, पुन्हा उकळायचे, पुन्हा फेकायचे. आतला पांढरा कापूस चमच्यानं खरवडून काढायचे. तुम्ही साल नुसती रात्रभर भिजवायचात आणि तेच पाणी साखरेत घालायचात. वरून बिया फडक्यात बांधून त्यातच सोडायचात, त्यानं ते घट्ट धरतं म्हणून.

"ते कडू काढून टाकलं तर उरलं काय? संत्र्याच्या गोळ्या वितळवल्यासारखं लागतं तुमचं," तुम्ही म्हणायचात.

"आन तुमचं मलेरियाच्या औषधासारखं. पोरानं पोळीले लावलेलं पाहून पोळी नळाखाली धरली."

"त्याला सवय नाही. आजीनं गोडाची लावून ठेवली."

"कडू खायले दवाखाना आहे, विहीणबाई. घरात काहून खायचं?"

"गोड एकटं फार वेळ जिभेवर राहत नाही. कडू असलं की आठवण राहते."

"असल्या गोष्टी वर्गात सांगा. मले बरणी रिकामी झालेली दाखवा."

हे दरवर्षी. संत्र्याचा एक बहार संपला की दुसऱ्याची वाट. तुम्ही तुमची बरणी पाठवायची, मी माझी. वर्षा बिचारी मधल्यामध्ये हमाल. तिनं एकदा दोन्ही एकत्र करून पाहिलं, तर आपण दोघींनी मिळून तिला झापलं. तेवढ्यापुरतं आपलं एकमत झालं.

एवढं भांडून सुद्धा आपण 'तुम्ही'च राहिलो. मला किती वेळा वाटलं, हिला म्हणावं, बाई, आता 'अगं' म्हण ना मला! दोघी नवरे पोहोचवून आलेल्या, दोघींचे गुडघे गेलेले, आता कोणता मानपान ठेवायचा? पण विहीण म्हणजे मानाचं माणूस. साडी द्यायची, ओटी भरायची, बसायला पाट द्यायचा. मन द्यायची काही रीत नाही. मीही बोलले नाही, तुम्हीही नाही.

मग तुमचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. पुण्याची तुमची बहीण मंदाताई येऊन राहिली. तुमचं खाणं कमी होत गेलं. आधी पोळी गेली, मग भात गेला. मी दोनदा येऊन गेले. तुम्ही पलंगावरून म्हणालात, "यंदाचं झालं का तुमचं?" मी म्हटलं, "झालं. आन यंदा तर तिसऱ्यांदा बी पाणी फेकलं." तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "अडाणीपणा आहे हा." मी काही म्हणणार तेवढ्यात वर्षानं माझा दंड धरून बाहेर नेलं.

"आई, तू काहून भांडून राह्यली त्यांच्याशी? त्या किती आजारी आहेत, दिसत नाही का तुले?"

"मी कुठं भांडते? त्याच बोलल्या."

"मग बोलू दे त्यांना. हो म्हण ना एकदा. काय जातं तुझं?"

काय जातं माझं! खरंच, काय जात होतं? घरी येईपर्यंत मी स्वतःला शिव्या घातल्या. मरणाच्या दारातल्या बाईशी सालीवरून वाद घालते, मला माणूस म्हणावं का? मग मी ठरवलं की आता शहाणं व्हायचं. आणि विहीणबाई, मी आयुष्यात जेव्हा जेव्हा शहाणं व्हायचं ठरवलं, तेव्हाच माती खाल्ली.

पुढच्या फोनवर तुमचा आवाज फार बारीक होता. तरी तुम्ही तेच काढलंत. म्हणालात, "मंदानं तुमचं मार्मालेड चाखलं. म्हणते, छान आहे. तिला पुण्यात राहून जीभच उरली नाही."

माझ्या ओठावर उत्तर आलं होतं, चांगलं झणझणीत. मी ते गिळलं. म्हटलं, "नाही हो, विहीणबाई. तुमचंच बरोबर आहे. कडू पायजेच. मीच चुकत होती इतके वर्षं."

तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला पलीकडे पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग तुम्ही म्हणालात, "बरं. ठेवते."

ते आपलं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी तुम्ही शुद्धीत नव्हता, त्यानंतर मग तुम्हाला फोन कोणी दिलाच नाही. तुम्ही गेल्याचं वर्षानं कळवलं तेव्हा मी पावाचं पीठ मळत होते. हात तसेच पिठाचे घेऊन किती वेळ उभी राहिले.

आणि तेव्हापासून मला एकच गोष्ट खाऊन राहिली. तुम्हाला कळलं का? तुम्ही काही भोळ्या नव्हता. हळद आणि सोडा ओळखणाऱ्या बाईला माझं खोटं ओळखता आलं नसेल? मी हरले, म्हणजे तुम्ही मरणार हे मी मान्य केलं. डॉक्टरनं तुम्हाला जे तोंडावर सांगितलं नव्हतं ते मी सांगून टाकलं का, एवढा गोड आवाज काढून? त्या गप्प बसण्यात काय होतं? वाईट वाटलं तुम्हाला? की राग आला, की ही सुद्धा आता माझी कीव करायला लागली? ज्या एका माणसाशी बोलताना तुम्ही आजारी नव्हता, तिनंही तुम्हाला आजारी करून टाकलं?

हे कोणाला विचारावं? मला तर सुतक सुद्धा नव्हतं. वर्षाला होतं, नातवाला होतं, तुमच्या चुलतघराला होतं, ज्यांनी तुम्हाला कितीक वर्षांत पाहिलं नाही त्यांनाही होतं. विहिणीला नसतं. मी अकोल्याला आले तर मला खुर्ची दिली, चहा दिला, दुखवट्याला आलेल्या पाहुण्यांत बसवलं. कोणी म्हटलं, "व्याह्यांकडचे आले." मी खुर्चीवर बसून तुमच्या ओट्याकडे पाहत होते. उठून रडायचं म्हटलं तर कोणाच्या नात्यानं रडू?

घरी आल्यावर मी एक वेडेपणा केला, तोही सांगते. मार्मालेड केलं, तुमच्या पद्धतीनं. साल रात्रभर भिजवली, तेच पाणी घातलं, बियांची पुरचुंडी सोडली. थंड ताटलीवर थेंब टाकून पाहिला, बोटानं ढकलला तर सुरकुती पडली. बरणीत भरलं. मग चमचाभर खाल्लं.

कडू जहर होतं, विहीणबाई. मी थुंकले. तुमच्याबद्दल कितीही प्रेम असलं तरी ते मला आवडलं नाही आणि आवडणारही नाही, हे मी तुमच्या फोटोसमोर उभं राहूनही सांगेन. आणि मग मी स्वयंपाकघरात एकटी मोठ्यानं हसले, कारण त्या फोनवर मी तुमच्याशी किती मोठं खोटं बोलले ते जिभेवरच आलं होतं. हसता हसता रडायला आलं. बरं झालं, घरात कोणी नव्हतं.

परवा तुमची तेरवी झाली. पंगती उठल्या, पाहुणे पांगले. मी हट्टानं खुर्ची सोडून आत गेले आणि ओट्यापाशी वाट्या पुसत बसले. कोणी नको म्हटलं नाही. थोड्या वेळानं तुमची बहीण, मंदाताई, शेजारी येऊन टेकल्या. महिनाभराच्या जागरणानं डोळे खोल गेलेले. आधी पावसापाण्याचं बोललो. मग मी विचारूनच टाकलं. म्हटलं, "मंदाताई, माझा तो अखेरचा फोन झाला, तेव्हा तुमी जवळ होत्या. विहीणबाईले लागलं का हो माझं बोलणं?"

त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. मी मान वर केली नाही, पुसलेलीच वाटी पुन्हा पुसत राहिले.

त्या म्हणाल्या, "लागलं कसलं! फोन ठेवून ताई कितीतरी दिवसांनी हसली. मला म्हणाली, 'मंदा, पेज दे थोडी.' आणि खाता खाता म्हणते कशी, 'साफ खोटं बोलली गं ती. मला मरायला टेकलेली पाहून हरून दाखवते! जरा अंगात जोर येऊ दे, मग बघते तिच्याकडे.'"